बारा मीटरवर एक भोक

४ मार्च, मंगळवार

आणि चौथी नोकरी मी सोडली नव्हती, त्या नोकरीनं मला सोडलं. हे दादाला फोनवर सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण त्याचं आपलं एकच, तुझ्या पायाला भिंगरी आहे. गोदामच बंद पडलं तर मी काय त्याच्या दारात बसून राहायचं होतं? हा स्वतः एका छापखान्यात एकाच मशीनसमोर अकरा वर्षं उभा आहे आणि त्याला वाटतं उभं राहणं म्हणजेच काम. मागून वहिनी म्हणाली, "विचारा भावोजींना, या वेळी किती दिवस?" मला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच म्हणाली. मी म्हणालो, सहा महिने. सहा महिन्यांच्या आत इथून हललो तर नाव बदलेन. दादा म्हणाला, "काय ठेवणार ते आत्ताच सांग. कागदपत्रांना वेळ लागतो."

ही वही इंजिनियर बाईंनी दिली. माझे आकडे त्यांना वाचता येत नाहीत. माझा एक सातासारखा दिसतो आणि सात कशासारखाच दिसत नाही. म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, काहीही लिही, मी बघणार नाही. जुनी नोंदवही आहे, पानापानावर रकाने छापलेत: भोक क्रमांक, खोली, पाणी परतलं का, शेरा. मी रकान्यांवरूनच लिहितोय. चार ओळी कधीच झाल्या.

६ मार्च, गुरुवार

काही घडलं नाही, म्हणून कामाबद्दल लिहितो.

या रस्त्याखाली कुठेतरी कोळशाची जुनी खाण आहे. बंद होऊन चाळीस वर्षं झाली. नकाशात ती रस्त्याच्या अलीकडे, मैदानापाशी संपते. पण गेल्या वर्षी रस्त्यालाच खड्डा पडला, त्यात विजेचा खांब कमरेपर्यंत गेला, आणि नकाशावरचा सगळ्यांचा विश्वास उडाला. म्हणून जड गाड्या बंद केल्यात आणि आम्ही भोकं पाडत चाललोय, दर बारा मीटरवर एक. आम्ही म्हणजे गाडीवर बसवलेलं ड्रिल, ते चालवणारे मिस्त्री, आणि मी. मी टेपनं बारा मीटर मोजतो, लाल रंगाची फुली मारतो, आणि मग भोकात रॉडला रॉड जोडत जातो. एक रॉड तीन मीटरचा. सहा रॉड गेले की कोळसा लागतो. रॉडमधून पंपाचं पाणी खाली जातं आणि गाळ घेऊन वर येतं. पाणी काळं आलं की मिस्त्री म्हणतात, "घट्ट." म्हणजे कोळसा जागेवर आहे, कुणी नेलेला नाही, रस्ता कशावर तरी उभा आहे. पाणी परत आलंच नाही तर खाली पोकळी. ते अजून झालेलं नाही. एकोणीस भोकं, एकोणीस वेळा घट्ट.

बाई दर गुरुवारी येतात, नोंदी बघतात आणि खूश होऊन जातात. सात एप्रिलला रस्ता ट्रकांना उघडायचाय.

पहिल्या भोकाची जागा मिस्त्रींनीच दाखवली होती म्हणे. बाईंना कोपऱ्यापासून सुरुवात करायची होती. मिस्त्री म्हणाले, "इथनं घ्या बाई, मला या मातीचा अंदाज आहे." बाराचा आकडाही त्यांचाच. बाईंच्या मनात दहा होतं, मिस्त्री म्हणाले दहावर गेलो तर तारीख चुकेल. अनुभवी माणूस. साठीचा आहे, दोन घास खातो, चार शब्द बोलतो. एकच खोड, रस्त्याच्या मधून चालत नाही. कडेकडेनं जातो. मी म्हटलं, "मिस्त्री, गाड्या बंद आहेत, मधून चला की राजासारखे." म्हणाले, "सवय."

११ मार्च, मंगळवार

मी राहतो ती खोली मावशींच्या दुकानामागे आहे. मावशी म्हणजे सख्खी नाही, भाड्याची. रस्त्याला लागून दुकान, चहा, पाव, अंडी, बिस्किटं. पूर्वी ट्रकवाले रांग लावायचे. रस्ता बंद झाल्यापासून गिऱ्हाईक म्हणजे मी, मिस्त्री आणि एक कुत्रं. त्यातलं कुत्रं उधारीवर.

दुकानाचं मधलं दार अडत होतं. मावशी म्हणाल्या, "एवढी मोठी मशीन चालवतोस, दार नाही सरळ करता येत?" मी म्हटलं मशीन मिस्त्री चालवतात. रंधा आणून खालची कड तासून दिली. झकास बंद व्हायला लागलं.

१८ मार्च, मंगळवार

दार पुन्हा अडतंय. या वेळी वरचा कोपरा. तोही तासला. मावशींनी ज्या सुतारानं दार केलं त्याला शिव्या घातल्या. मी म्हटलं, दाखवा कुठे राहतो, बघतो त्याला. म्हणाल्या, वारला. तरी शिव्या चालूच ठेवल्या.

दुकानाचं टेबलही डुगडुगतंय. अंडं ठेवलं की गडगडत रस्त्याच्या बाजूला येतं. पायाखाली पुठ्ठा दुमडून घातला. मावशी म्हणाल्या, "तू आलास आणि माझ्या घरातली एकेक वस्तू बिघडायला लागली." याला म्हणतात करायला गेलो एक.

२१ मार्च, शुक्रवार

आज माझी चूक झाली.

सकाळी दादाचा फोन. म्हणे छापखान्यात पोत्यांवर शिक्के मारायला माणूस हवाय, ये परत, नाहीतरी तिथं कंटाळलाच असशील. मी कंटाळलो नव्हतो. त्यानं म्हटल्यावर कंटाळलो. डोकं फिरलं आणि त्याच फिरलेल्या डोक्यानं मी टेप धरला. मागच्या भोकापासून मोजायच्या ऐवजी पुढच्या गटाराच्या झाकणापासून मोजलं. झाकण पाच मीटर पुढे. फुली मारली, मिस्त्रींनी गाडी लावली, त्यांनीही बघितलं नाही, त्यांना खोकला होता.

एकतिसावं भोक. पाच रॉड नेहमीसारखे गेले. सहावा अर्ध्यावर असताना एकदम खाली गेला. गेला म्हणजे कुणीतरी खालून ओढून घ्यावा तसा, दोन मीटर, आणि माझा हात त्याच्याबरोबर. पाना निसटून बुटावर पडला. पाणी थांबलं. पंप चालू, पाणी खाली जातंय आणि वर काहीच नाही. मिस्त्रींनी मशीन बंद केलं. मग भोकातून वारा आला, गार आणि शिळा, बंद पेटी उघडल्यावर येतो तसा.

"कुठनं मोजलंस?"

"झाकणापासून."

"झाकणापासून का?"

मी दादाचं सांगायला लागलो. मिस्त्री ऐकत नव्हते. कडेच्या दगडावर जाऊन बसले, पंधरा मिनिटं तरी. चेहरा राखेसारखा. माझ्या नोकरीसाठी माणूस एवढा घाबरला, मलाच कसंसं झालं. मग उठले आणि म्हणाले, "हे बघ. चुकीच्या जागी भोक पाडलं असं कळलं तर बाई तुला ठेवणार नाहीत. जे भोक नकाशात नाही ते भोकच नाही. बुजव." पोती कोंबून वर सिमेंट ओतलं. मग बरोबर जागी फुली मारून नवीन भोक घेतलं. काळं पाणी आलं.

भोक क्रमांक ३१. खोली १८. पाणी परतलं का: हो. शेरा: घट्ट.

मिस्त्रींचे उपकार फिटायचे नाहीत.

२३ मार्च, रविवार

सुट्टी. मला सुट्टी सोसत नाही. दुकानाच्या दारापासून बुजवलेल्या भोकापर्यंत अंतर मोजलं. अठरा पावलं. परत मोजलं. अठराच.

मावशींनी मोठी किटली आणलीय, वीस कपांची. सात तारखेची तयारी. "दिवसाला साठ ट्रक धर. साठातले तीस तरी थांबतील. तीस गुणिले दोन चहा." मी म्हटलं, मावशी, एकेकटाच ड्रायव्हर असतो. म्हणाल्या, "क्लीनर असतो. तुला ट्रकातलं काय कळतं? तू भोकातला माणूस."

साठ ट्रक. भरलेला ट्रक पंचवीस टनांचा असतो, मिस्त्रींना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "कशाला विचारतोस?"

२७ मार्च, गुरुवार

चाळीस भोकं संपली. बाईंनी सगळ्या नोंदी बघितल्या. चाळीस वेळा घट्ट. म्हणाल्या, "नकाशाच बरोबर होता म्हणायचा." एकतिसाव्या पानावर थांबल्या. मी टेप गुंडाळायला लागलो. म्हणाल्या, "वा! तुझा एक आता एकासारखा दिसायला लागला."

३० मार्च, रविवार

सकाळी मधलं दार उघडेचना. मावशी दुकानात, मी खोलीत, मध्ये दार. मी खिडकीतून उडी मारून बाहेर गेलो आणि दुकानातून धक्का मारून उघडलं. मग दाराकडे बघत उभा राहिलो. मी खालून तासलं, वरून तासलं, आता एका बाजूला चार बोटांची फट आहे आणि दुसरीकडे दार चौकटीत रुतलंय. टेपला नट बांधून ओळंबा सोडला. दार सरळ होतं. चौकट सरळ नव्हती. चौकट भिंतीत आहे आणि भिंत रस्त्याकडे निघालीय.

मावशी म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "सुताराला शिव्या देऊ नका, त्याची चूक नाही." म्हणाल्या, "तू कधीपासून त्याचा नातेवाईक?"

मिस्त्रींना गाठून सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला झुकलीय?" रस्त्याच्या, म्हटलं. मग म्हणाले, "घर जुनं आहे. पण मावशींना म्हणावं काही दिवस मागच्या खोलीत झोपा." मागची खोली माझी. मी कुठे झोपू, असं विचारलं. म्हणाले, "माझ्याकडे ये."

असा माणूस मिळणं कठीण.

२ एप्रिल, बुधवार

सांगितलं तर: माझी नोकरी गेली. मिस्त्रींचीही गेली, माझ्यापायी. रस्ता उघडणार नाही, म्हणजे मावशींचं दुकान बसलं. दादा नाव विचारेल.

नाही सांगितलं तर: दुकान बसेल ते वेगळ्या पद्धतीनं.

मावशी रात्री मागच्या खोलीत झोपतात, पण दिवसभर पुढेच असतात. सोमवारपासून त्यांच्या दारासमोर ट्रक उभे राहतील, आणि त्या किटली घेऊन बाहेर येतील. हे मला सारखं दिसतंय. बूट घालताना, जेवताना. आज मी तीन वेळा अठरा पावलं चाललो. शेवटच्या वेळी मावशी ओरडल्या, "अरे, बस की एका जागी! रस्ता झिजेल."

३ एप्रिल, गुरुवार

बाई यायच्या आधी मिस्त्रींना म्हणालो, मी सांगणार आहे. तुमचं नाव घेणार नाही, चूक माझी होती.

मला वाटलं चिडतील. म्हणाले, "आधी चहा घे." घेतला.

"वय काय तुझं?"

"बावीस."

"मीही बावीसचाच होतो."

"कधी?"

"होतो तेव्हा."

मग बाई आल्या. मी सांगितलं. दादाच्या फोनपासून सुरुवात केली, त्या म्हणाल्या दादा राहू दे, रॉड किती खाली गेला? दोन मीटर, म्हटलं. त्यांनी टोपी काढून दुकानाच्या टेबलावर ठेवली आणि मावशींकडे सहा कप मागितले. मावशींना वाटलं पाहुणे आले. बाईंनी कप उपडे करून एका ओळीत मांडले, मध्ये मध्ये जागा सोडून.

"खाणीत सगळा कोळसा काढत नाहीत. छत खाली येऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर खांब सोडतात, कोळशाचेच. हे कप म्हणजे ते खांब. आता तू बोट ठेवत जा. दर वेळी सारखंच अंतर."

मी ठेवत गेलो. कप, कप, कप.

"टेबल लागलं का कुठे?"

"नाही."

"पहिलं बोट कपावर पडलं आणि अंतर जुळलं, की चाळीस वेळा कपच लागणार. आपण चाळीस वेळा खांब मोजले. तू चुकलास तेव्हा पहिल्यांदा टेबलाला हात लागला."

मी म्हटलं, म्हणजे मी चुकलो ते बरोबर? म्हणाल्या, "चुकलास ते चुकलासच. मग खोटं लिहिलंस ते त्याहून वाईट. ते आपण नंतर बघू." मग स्वतःशीच म्हणाल्या, "पण नेमकं पहिलंच भोक खांबावर, आणि नेमकं बाराच मीटर? काय योगायोग म्हणायचा." आणि मिस्त्रींकडे बघितलं.

मिस्त्री कपांकडे बघत होते. म्हणाले, "या मावशींना आजच बाहेर काढा. आणि पुढचं भोक गटाराच्या झाकणाच्या डावीकडे घ्या, तीन पावलांवर. कॅमेरा सोडा. खाली लाकडी टेकू असेल. त्यावर तीन खाचा असतील."

दुपारी घेतलं. सहावा रॉड खाली गेला. बाईंनी भोकातून कॅमेरा सोडला, गाडीतल्या पडद्यावर आधी नुसता अंधार, मग लाकूड. तीन खाचा. मी थक्क. अनुभव म्हणतात तो हा. मी विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला कसं कळलं?"

"लाकडं सगळीकडे सारखीच असतात," म्हणाले.

बाईंनी गाडीचं दार उघडून त्यांना आत बसायला सांगितलं, आणि बराच वेळ ते दोघं काच वर करून बोलत होते. एवढं मिस्त्री महिन्याभरात माझ्याशी बोलले नसतील.

४ एप्रिल, शुक्रवार

मावशींचं घर रिकामं केलं. त्या सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्यासमोर मला ऐकू जाईल असं कुत्र्याशी बोलत होत्या. "बघ रे, याला महिनाभर भात वाढला. त्याच्या आधी दार सरळ होतं." कपाट हलवताना मी म्हटलं, मावशी, ट्रक आले असते तर तुम्ही खाली गेला असता. म्हणाल्या, "गेले असते तर गेले असते. साठ कप विकून गेले असते."

टेंपो भरला. किटली त्यांनी मांडीवर घेतली. टेंपो निघाला तेव्हा खिडकीतून म्हणाल्या, "बहिणीचं घर पुलापलीकडे आहे. पिवळा जिना. जेवायला यायचं तर सांगून ये, मी कुणाचं शिळं ठेवत नाही."

८ एप्रिल, मंगळवार

दोन भोकांच्या मधोमध नवीन भोकं घेतोय. नऊ झाली. सात पोकळ. बाईंनी नवीन नकाशा काढायला घेतलाय, त्यात रस्त्याखालचा सगळा भाग पोकळ म्हणून पेन्सिलच्या रेघांनी भरलाय. पोकळीत सिमेंटचं पातळ मिश्रण ओतायला टँकर येणार आहेत. रस्ता पावसाळा संपेपर्यंत बंद.

ड्रिलवर नवीन मिस्त्री आहेत, बडबडे. आमचे मिस्त्री येत नाहीत. ते रोज बाईंच्या ऑफिसात बसतात, दोन माणसं त्यांना प्रश्न विचारतात आणि लिहून घेतात. चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी चाललंय, खाण बंद झाल्यावर नकाशाच्या पुढे कोण खणत होतं असलं. आता त्यांना काय माहीत असणार? पण जुन्या माणसांना विचारतात तसं विचारत असतील. मी ऑफिसात जाऊन सांगून आलो, भोक बुजवायला मी तयार झालो, त्यांना त्रास देऊ नका. लिहून घेणाऱ्यानं मला पाणी दिलं आणि जा म्हणाला.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. जमिनीवर कागद पसरून बसले होते, त्यावर चौकोन काढत होते, एकेक, सारख्या अंतरावर. मी म्हटलं, मिस्त्री, माझ्यामुळे तुमच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. वर न बघता म्हणाले, "इकडे ये. रेघ धर." मी पट्टी धरली. त्यांनी मावशींच्या घराखाली चौकोन काढायला पेन्सिल टेकवली, थांबले आणि ती जागा कोरी सोडली. "इथला आम्ही ठेवला नाही," म्हणाले. कोण आम्ही ते विचारणार होतो, पण त्यांनी पट्टी पुढे सरकवली.

१२ एप्रिल, शनिवार

पगार झाला. बाईंनी समोर बसवून सांगितलं, नोकरी राहील, कारण बुजवलेलं भोक कुठे आहे ते मलाच माहीत आहे आणि खोटं लिहिल्याचं मीच येऊन सांगितलं. पण खोट्या नोंदीबद्दल अर्धा पगार कापला. चुकलेल्या फुलीबद्दल काही कापलं नाही. मी म्हटलं ठीक. पुढच्या वेळी टेप दोनदा लावायचा. त्या म्हणाल्या, "तीनदा."

दादाला मेसेज लिहून ठेवतोय, इथून बघून पाठवीन म्हणजे अक्षरं चुकणार नाहीत:

दादा, नाव बदलायची गरज नाही. अजून इथेच आहे. मागच्या महिन्यात पाच हजार पाठवले होते, या वेळी तेवढे नाहीत. अर्धे ऑफिसनं ठेवले, माझीच चूक होती, फोनवर सांगेन, तू हसशील. उरलेल्यातून टेंपोचं भाडं दिलं, एका बाईंचं सामान हलवायचं होतं. त्यांना सांगितलंय टेंपो ऑफिसनं दिला, तेव्हा तू कुणाला काही बोलू नकोस, तसंही तुला त्या ओळखत नाहीत. दोन महिन्यांचं खोलीभाडंही त्यांना आगाऊ दिलं. खोली आता नाही, पण त्यांनी घेतलं, काही विचारलं नाही. वहिनीला सांग, पैसे पुन्हा मोजायची गरज नाही, मीच दोनदा मोजलेत.

एक हजार एकशे चाळीस पाठवतोय.